क्लास, खोडवा आणि अर्धा कोयता

शनिवारी सकाळी साडेसातला फोनने टुणकन आवाज केला आणि मी तो उचलून बघितला. ही दिवसाची पहिली चूक. "दादा, प्रोजेक्ट पूर्ण झाला. सवडीने बघा." एवढीच मेल आणि खाली जोडलेली ३४० ओळींची पायथॉनची फाईल. 'सवडीने' म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे आत्ता. मग काय, चहा टाकला, लॅपटॉप उघडला, आणि वीकांताचं जे काही व्हायचं होतं ते झालं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी पुण्यात हिंजवडीत नोकरी करतो, घर श्रीरामपूर तालुक्यात. महिन्यातून दोनदा घरी जातो तेव्हा वाटेत नगरला थांबून सावेडीतल्या एका मित्राच्या रिकाम्या गाळ्यात सहा-सात पोरापोरींना पायथॉन शिकवतो. फी नाही, सर्टिफिकेट नाही, फक्त चहा आणि कोपऱ्यावरचा वडापाव. (जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झालंय हे मला ठाऊक आहे. पण 'नगरला चाललोय' हे तोंडातून जायला अजून वेळ लागेल. या नावावरून पुढे एक तांत्रिक मुद्दाही येणार आहे, तेव्हा ही नुसती टिवल्याबावल्या नाही!)

मेल पाठवणारी मुलगी पाथर्डी तालुक्यातली. नगरला बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि होस्टेलवर राहते. वर्गात फारसं बोलत नाही, पण वहीत सगळं उतरवून घेते. क्लास आणि ऑब्जेक्ट शिकवून झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं होतं की, आता आपल्या ओळखीतली कुठलीही एक व्यवस्था घ्या आणि ती क्लासमध्ये मांडा. एकाने किराणा दुकान केलं, एकाने क्रिकेटची टीम. हिने साखर कारखाना केला.

मी खूश. कारण पुस्तकातल्या त्या उदाहरणांचा मला मनापासून वैताग आलाय. प्राणी नावाचा क्लास, त्याच्यापासून कुत्रा, त्याच्यापासून मांजर. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते. मी सहा वर्षं पगारासाठी कोड लिहितोय, आजपर्यंत एकाही क्लायंटने मला कुत्रा भुंकवायला सांगितलेलं नाही. त्या उदाहरणात अडचण ही की त्यात चूक करायला जागाच नसते. कुत्रा काल कुत्रा होता, आज कुत्रा आहे, उद्याही कुत्राच राहणार. खऱ्या जगातल्या गोष्टी अशा गुणी नसतात.

आणि साखर कारखाना म्हणजे तर आमच्या जिल्ह्याची बाराखडीच. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने जो कारखाना उभा केला, तो आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो. आमच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत भंडारदऱ्याचं पाणी, पाटाला पाणी म्हणून ऊस, ऊस म्हणून कारखाना, कारखाना म्हणून कॉलेज, आणि कॉलेज म्हणून माझ्यासारखे हिंजवडीत. आमच्या घरी चार एकर ऊस आहे. तेव्हा मनात म्हटलं, हा रिव्ह्यू तर आपण डोळे झाकून करू. आणि तसाच केला. डोळे झाकून. ते कसं ते सांगतोच.

आधी कोडचं कौतुक. तिने क्लासची नावं मराठीत, देवनागरीत लिहिली होती. ऊस, प्लॉट, शेतकरी, गाडी, पावती, टोळी. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण २००८ साली पायथॉन ३ आलं तेव्हापासून हे चालतं. डेफ, रिटर्न, इफ वगैरे भाषेचे राखीव शब्द इंग्रजीच राहतात, नावं मात्र तुमची तुम्ही ठेवा. नोकरीत तिला इंग्रजी नावंच द्यावी लागतील, चारचौघांच्या टीममध्ये ते बरोबरही आहे. पण शिकताना? तिथे माझा सरळ सल्ला आहे की विचार ज्या भाषेत येतो त्याच भाषेत नाव द्या. वाटलं होतं तसं यावर काही शेरा मारला नाही. तेवढं एक शहाणपण केलं.

आता शेरे. चार लिहिले. पहिले तीन अजूनही बरोबर वाटतात.

पहिला शेरा खोडव्याचा. तिने ऊस नावाचा मूळ क्लास केला होता आणि त्याच्यापासून चार वारस: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावला तो आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावला तो पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीत लावला तो सुरू. आणि ऊस तोडल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटवा येतो, तो खोडवा. नव्याने बेणं लावायला नको, म्हणून शेतकऱ्याचा जीव त्याच्यात.

पुस्तक काय म्हणतं? वारसा द्यायचा की नाही हे ठरवायला 'आहे'ची परीक्षा घ्या. कुत्रा हा प्राणी आहे, म्हणून वारसा. शेतकऱ्याकडे गाडी आहे, पण शेतकरी ही गाडी नाही, म्हणून तिथे वारसा नाही, तिथे एकाच्या पोटात दुसरं ठेवायचं. आता बघा, 'खोडवा हा ऊस आहे' हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क. तरीही डिझाईन चुकलेलं. का?

कारण मार्चमध्ये कुणी आडसाली तोडला की त्याच दिवशी, त्याच जमिनीत, त्याच बुडख्यांचा खोडवा होतो. म्हणजे ऑब्जेक्टला चालता-बोलता आपला क्लास बदलावा लागतो. पायथॉनमध्ये हातचलाखी करून ते करता येतं, पण कुणी करू नये. तिने जुना ऑब्जेक्ट टाकून नवा बनवला होता आणि त्या नादात प्लॉटचा गट नंबर, लागणीची तारीख आणि मागच्या वर्षीचं उत्पादन हरवून बसली होती. मी लिहिलं: "जे कालांतराने बदलतं त्याचा क्लास करू नकोस, त्याची नोंद कर. प्लॉट कायम आहे. त्याच्यात 'पीक-प्रकार' नावाचं एक खाणं ठेव, आज आडसाली, उद्या खोडवा." म्हणजे 'आहे'च्या परीक्षेला आणखी एक प्रश्न जोडायचा: आहे खरं, पण कायम आहे का? विद्यार्थी हा माणूस आहे. पण तो उद्या कर्मचारी होतो आणि परवा कुणाचा तरी बाप. तीन क्लास करून तीन वेळा त्याला नव्याने जन्माला घालणार का?

दुसरा शेरा पावत्यांचा. हा तर पायथॉन शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा चावलेला विंचू. शेतकरी या क्लासमध्ये तिने पावत्यांची रिकामी यादी थेट क्लासच्या अंगात लिहिली होती, इनिटच्या आत सेल्फला लावून नाही. दिसायला फरक एका ओळीच्या जागेचा. पण अर्थ असा की ती यादी कुणा एका शेतकऱ्याची नाही, अख्ख्या क्लासची. एक यादी, सगळ्यांची सामाईक. माझ्या वडिलांच्या उसाची गाडी काट्यावर गेली की पावती सगळ्या तालुक्याच्या नावावर! सहकार चळवळीच्या आद्य पुरुषांनाही एवढा सहकार अपेक्षित नसावा :)

गंमत म्हणजे प्रोग्रॅम चालवल्यावर तिला सगळं बरोबर दिसत होतं. कारण तपासताना तिने शेतकरी एकच केला होता. एकटा असताना सामाईक काय आणि स्वतःचं काय, कळतच नाही. (याचाच सख्खा भाऊ म्हणजे फंक्शनच्या कंसात आधीच भरून ठेवलेली रिकामी यादी. तीही एकदाच तयार होते आणि मग सगळ्यांना तीच मिळत राहते.) मी लिहिलं: "कायम दोन ऑब्जेक्ट करून तपास. एकाने काहीच सिद्ध होत नाही. दोघांना वेगळं ठेवता येतंय का ते बघ." हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो.

तिसरा शेरा नावांचा आणि दरांचा. प्रत्येक शेतकऱ्याच्या ऑब्जेक्टमध्ये तिने जिल्हा म्हणून 'अहमदनगर' हा शब्द टाकला होता. नमुन्याला चाळीस शेतकरी, चाळीस वेळा तोच शब्द. ३१ मे २०२३ ला चौंडीत नामांतराची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकृत नाव बदललं. आता चाळीस ठिकाणी बदला. आणि त्यात एखाद्या ठिकाणी 'अहमद नगर' असं मधे जागा सोडून लिहिलं असेल तर कॉम्प्युटरच्या लेखी तो वेगळाच जिल्हा. त्यापेक्षा जिल्हा हा एक ऑब्जेक्ट कर आणि सगळ्या शेतकऱ्यांना त्याच एकाकडे बोट दाखवू दे. नाव बदललं तर एका जागी बदलेल, जिल्हा तोच राहील. नाव ही ओळख नसते, ओळखीला लावलेली चिठ्ठी असते. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली तेव्हा कुठल्या कुठल्या सिस्टीममध्ये किती जणांच्या रात्री गेल्या असतील याची कल्पना आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो.

दराचं मात्र नेमकं उलटं. तिने एफआरपीचा दर वरती एकच आकडा म्हणून लिहिला होता: क्विंटलला ३५५. हा २०२५-२६ च्या हंगामाचा दर, तोही १०.२५ टक्के उताऱ्याला. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे उतारा ११.२५ असेल तर दहा वेळा ३.४६, एकूण ३८९ रुपये ६० पैसे क्विंटल, टनाला ३८९६. उतारा कमी असेल तर त्याच हिशेबाने कमी, पण साडेनऊच्या खाली गेला तरी ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली दर जात नाही. शिवाय आपल्याकडे त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पण आधीच्या, २०२४-२५ च्या हंगामात मूळ दर ३४० होता. तो एक आकडा बदलला की मागच्या वर्षीच्या सगळ्या पावत्याही नव्या दराने मोजल्या जाणार. शेतकरी खूश होईल, कारखाना नाही! म्हणून हंगाम हा वेगळा क्लास हवा, दर आणि उतारा त्याच्या पोटात, आणि पावतीने आपला हंगाम कोणता ते लक्षात ठेवायचं. जिल्ह्याचं नाव एका जागी बदललं की सगळीकडे बदलायला हवं. दर बदलला तरी जुन्या पावतीवर बदलता कामा नये. काय सामाईक ठेवायचं आणि काय गोठवून ठेवायचं, डिझाईनची अर्धी अक्कल यातच आहे.

इथवर माझी गाडी झोकात चालली होती. चहाचा दुसरा कप. स्वतःवर जाम खूश. आणि मग चौथा शेरा.

तिने व्यक्ती नावाचा क्लास केला होता. मग कोयता नावाचा क्लास, ज्याच्या पोटात दोन व्यक्ती. मग टोळी, जिच्यात कोयत्यांची यादी आणि एक मुकादम. तोडणीला प्लॉटवर टोळी जाते, गाडी भरते, काट्यावर भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं, निव्वळ टन निघतात, आणि त्यातून टोळीचा हिशेब. सगळं ठीक. पण त्या दोन व्यक्तींचा पुढच्या हिशेबात काही उपयोगच नव्हता. हिशेब कोयत्यावर होता. मी आमच्या इंडस्ट्रीतला आवडता दंडुका बाहेर काढला: ज्याची गरज नाही ते लिहू नये. शेरा असा होता:

"इथे उगाच गुंतागुंत केली आहेस. टोळीला फक्त कोयत्यांची संख्या लागते. कोयते = १२ असा एक पूर्णांक पुरे. व्यक्ती आणि कोयता हे दोन्ही क्लास काढून टाक, ३८ ओळी वाचतील :)"

तो स्मायली आठवला की आता कसंसंच होतं.

संध्याकाळी उत्तर आलं. "दादा, पहिले तीन बदल केले. हंगामाचा क्लास भारी वाटला. चौथ्याबद्दल एक शंका. आमच्या टोळीत एक मावशी एकट्या आहेत. त्यांना अर्धा कोयता म्हणतात. मग पूर्णांकात १२.५ कसं लिहू?"

आणि खाली आणखी एक ओळ. "आई आजारी पडली तर कोयता आजारी पडत नाही ना. पण खाडा कोयत्याला लागतो. ते दाखवायचं होतं, अजून जमलं नाही."

मी बराच वेळ ती मेल उघडी ठेवून बसलो.

'आमच्या टोळीत.' ती पाथर्डीची आहे हे मला माहीत होतं. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या आमच्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर माणसं कोयते घेऊन निघतात हेही माहीत होतं. शेजारच्या बीडमधून तर गावंच्या गावं निघतात. लहानपणापासून मी ती माणसं बघितली आहेत. कारखान्याच्या रस्त्याला त्यांच्या कोप्या पडायच्या, पहाटे अंधारात गाड्या निघायच्या, संध्याकाळी बायका डोक्यावर वाढ्याचे भारे घेऊन परतायच्या. आमच्या शेतात तोड आली की आई त्यांच्यासाठी मोठ्या पातेल्यात चहा करायची. पण 'टोळीत किती जण आहेत' असं विचारलं तर वडील सांगायचे, "बारा कोयते आहेत." चोवीस माणसं असं मी घरात कधी ऐकलं नाही. तेच माझ्या शेऱ्यात उतरलं. तेरा-चौदा वर्षं ऐकलेली भाषा मी तिला 'सोपं डिझाईन' म्हणून परत विकत होतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असेल तर अर्धा. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्याला, आणि ती साधारणपणे नवऱ्याच्या नावावर. टनामागचा हिशेब कोयत्याचा. एखाद्या दिवशी काम चुकलं की खाडा, आणि तो पडतो कोयत्याच्या हिशेबात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा या 'खाड्या'ची भीती हा शब्द पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतही छापून आला. मीही तेव्हा वाचलं होतं. हळहळलो होतो. आणि काही वर्षांनी, चहाच्या दुसऱ्या कपावर, त्या बाईला एका ओळीत डिलीट करायला सांगितलं.

रविवारी वर्ग झाल्यावर तिच्याशी बोललो. तिने शांतपणे सांगितलं. मागच्या हंगामात आईला आठ दिवस ताप होता. वडील एकटे तोडत होते. आठ दिवसांचा खाडा कोयत्यावर पडला, उचल तेवढी फिटायची राहिली. "पण दादा, उरलेल्या दिवसांत आईने किती टन तोडला, ते कुठंच लिहिलेलं नाही. मला ते छापून बघायचं होतं." तिचा प्रोग्रॅम एवढ्यासाठी होता. मी मात्र त्याच्यात ओळी मोजत बसलो होतो.

आता, कुणी म्हणेल की बाबा रे, तू फार भावनिक होतोयस. मॉडेल म्हणजे शेवटी सोपं केलेलं जगच असतं. सगळंच घालायला गेलं तर उसाच्या प्रत्येक कांडीचा ऑब्जेक्ट करावा लागेल. मान्य. वजनकाट्याच्या प्रोग्रॅमला गाडी कुणी भरली याच्याशी काही देणंघेणं नाही. भरलेली वजा रिकामी, विषय संपला. तिथे व्यक्तीचा क्लास घातला असता तर मी आजही काढायला सांगेन. 'गरज नाही ते लिहू नये' हा नियम चांगलाच आहे, नोकरीत त्याने माझे कित्येक महिने वाचवलेत.

प्रश्न इतकाच की 'गरज' कुणाची? काट्याच्या बाबूला व्यक्तीची गरज नाही. मुकादमाच्या वहीलाही नाही, उलट कोयता हे एकक त्याच्या सोयीचंच आहे. गरज होती ती त्या मुलीला. आणि प्रोग्रॅम तिचा होता. माझा स्वतःसाठीचा नियम आता असा: जिथे पैसे, हजेरी किंवा दंड यांचा हिशेब होतो तिथे शेवटचं टोक माणूस असलं पाहिजे. एकक म्हणून कोयता ठेवा, घर ठेवा, टीम ठेवा, हरकत नाही, पण त्याच्या आत माणसं वेगवेगळी दिसली पाहिजेत. दोन माणसं एका आकड्यात कालवली की नंतर कुठलंही फंक्शन लिहून ती परत वेगळी काढता येत नाहीत. उलट मात्र येतं: माणसं वेगळी ठेवली तर कोयते केव्हाही मोजता येतात, दर दोघांमागे एक. माहिती टाकून देणं एका ओळीचं काम असतं, परत आणणं अशक्य. हे निव्वळ इंजिनिअरिंग आहे. भावना बाजूला ठेवल्या तरी माझा चौथा शेरा चुकीचाच होता.

आणि १२.५! ज्या आकड्याने आपण माणसं मोजतोय त्याला दशांश चिन्ह लागतंय, एवढ्यावरून तरी मला उजाडायला हवं होतं. टाईप चुकलाय हे सांगणारा याहून स्पष्ट एरर मेसेज मी आजवर बघितलेला नाही.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट आठवली, कॉलेजात कुणी धड शिकवली नव्हती. क्लास ही कल्पनाच मुळात आली ती खऱ्या जगाची नक्कल करायला. नॉर्वेमध्ये ऊले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा केली. रांगा, गाड्या, कामाचा ओघ असल्या गोष्टी कॉम्प्युटरवर उभ्या करून बघायच्या हा हेतू. सिम्युला ६७ मध्ये क्लास आले, वारसा आला, आणि जावा असो की पायथॉन, सगळ्यांनी ते तिथून उचललं. दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पण मला जास्त भावतं ते नीगार्डचं पुढचं काम. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करू लागला. विषय असा की, कारखान्यात जी कॉम्प्युटर सिस्टीम येणार तिच्याबद्दल तिथे राबणाऱ्या माणसांना कळलं पाहिजे आणि तिच्या आखणीत त्यांचं म्हणणं असलं पाहिजे. जगाचे क्लास कसे पाडायचे हे ज्याने शोधलं, तोच नंतर कामगारांना विचारायला गेला की हे क्लास तुम्हाला पटतात का! आम्ही त्याचं पहिलं काम अभ्यासक्रमात घेतलं आणि दुसरं ऑप्शनला टाकलं.

मग नवशिक्यांचा कोड तपासायचा कसा? मी काही गुरू वगैरे नाही, पण या खेपेनंतर तीन गोष्टी ठरवल्या आहेत.

एक, भाषेच्या चुका बिनधास्त सांगायच्या. सामाईक यादी हा विंचू आहे, तिथे चर्चा नको. माझं त्यातलं ज्ञान तिच्यापेक्षा जास्त आहे आणि त्यासाठीच तर ती मला 'दादा' म्हणून फाईल पाठवते.

दोन, कुठला क्लास हवा आणि कुठला नको, यावर शेरा लिहायच्या आधी 'हा का केलास?' एवढं विचारायचं. ज्या व्यवस्थेचं चित्र काढलंय ती माझ्यापेक्षा तिच्या जास्त जवळची असू शकते. मी त्याच उसाच्या शेतात वाढलो, पण बांधावर. ती फडात.

तीन, कोड लांब आहे म्हणून तो वाईट आहे असं धरायचं नाही. नवशिका माणूस दोन कारणांनी जास्त लिहितो. एक तर त्याला छोटं करता येत नाही, किंवा त्याला काहीतरी सोडायचं नसतं. वरवर दोन्ही सारखेच दिसतात.

शेवटी आम्ही दोघांनी बसून खाड्याचं फंक्शन पूर्ण केलं. खाडा आता व्यक्तीला लागतो, तारखेसकट, आणि कोयत्याचा हिशेब त्यावरून निघतो. एका गाडीच्या टनांची वाटणी दोघांत कशी करायची यावर अर्धा तास घासाघीस झाली. मी म्हटलं निम्मं-निम्मं कर. ती म्हणाली, "तोडायचं निम्मं-निम्मं, पण मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं?" त्याचं उत्तर आम्हाला मिळालं नाही. तिथे तिने एक शेरा लिहून ठेवलाय: 'हे अजून ठरायचंय.' राहू दे म्हटलं. मला तो कोडमधला सगळ्यात प्रामाणिक शेरा वाटला.

मावशींचा ऑब्जेक्टही झाला. कोयत्याच्या यादीत एकच व्यक्ती. अर्धं काही नाही, एक अख्खी. प्रोग्रॅम चालवल्यावर टोळीतल्या माणसांची संख्या छापून आली: २५.

फाईल आता ३९२ ओळींची आहे. माझ्या रिव्ह्यूने ५२ ओळी वाढल्या, असं माझ्या करिअरमध्ये पहिल्यांदाच झालंय.

असो. आमच्या प्लॉटला यंदा तोड जानेवारीत येईल असं वडील म्हणतायत. सुट्टी टाकून जायचा विचार आहे. चहा टाकायच्या आधी किती कप ते मोजावं लागतं, आणि कप काही कोयत्याला एक असा देता येत नाही. आईला हे आधीपासून माहीत होतं, हिशेबात चुकत होतो तो मीच.